जुनी वर्षं बरोबर घेऊन

कोपरखैरणेत आमच्या घरापासून दोन सेक्टर पलीकडे एक टोलेजंग सोसायटी आहे. तिच्या गेटवर आतबाहेर करणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायची लांबट वही असते. त्या वहीतली रात्रपाळीची पानं लांबूनही ओळखू येतात. पट्टीनं आखलेले उभे रकाने, वेळ चोवीस तासांच्या हिशेबात लिहिलेली, कुठं चूक झाली तर खरवडून न काढता एकच आडवी रेघ आणि शेजारी सही. पहाटे पाळी संपताना पानाच्या तळाशी ‘सर्व ठीक’ आणि नाव. ही रात्रपाळी माझा मावसभाऊ करतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. एकोणिसाव्या वर्षी तो भरती झाला, चोवीस वर्षं ईएमईत, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या दलात, रणगाड्यांची आणि बीएमपी या चिलखती गाड्यांची इंजिनं उतरवली आणि चढवली, हवालदार म्हणून पेन्शनीवर आला. आज तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि पिझ्झा घेऊन येणाऱ्या पोरांचे मोबाइल नंबर लिहून घेतो.

गेटवरच्या कामाला मी हलकं म्हणत नाही. आमच्या घरात दोन पिढ्या मसाला मार्केटात पोती वाहून वाढल्या आहेत, त्यामुळे कुठल्याही कष्टाला नावं ठेवायची आम्हाला सवय नाही. पण ज्या माणसाला सैन्यानं चोवीस वर्षं घडवलं आणि ज्याला परत जायचं होतं, त्याला परत जाता आलं नाही, हे मला पटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: सैन्य सोडलेल्या माणसाला पुन्हा सैन्यात येण्यासाठी रीतसर, सगळ्यांना माहीत असलेला दरवाजा हवा, आणि त्या दरवाज्यातून आत जाताना त्याची जुनी वर्षं त्याच्याबरोबर आत गेली पाहिजेत.

दरवाजा मुळीच नाही असं नाही. डिफेन्स सिक्युरिटी कोअर, म्हणजे आपल्याकडं सगळे ‘डीएससी’ म्हणतात ते दल, फेब्रुवारी १९४७ मध्ये उभं राहिलं. केरळात कण्णूरला त्याचं केंद्र आहे. दारूगोळ्याची कोठारं, हवाई दलाचे तळ, नौदलाची आवारं, संरक्षण कारखाने यांचा पहारा हे त्याचं काम, आणि त्यात घेतात ते मुख्यतः माजी सैनिकांनाच. आपल्या आसपासच बघा. ठाण्यात कोलशेत आणि येऊरला हवाई दलाची ठाणी आहेत, उरणजवळ करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा आहे, अंबरनाथला आयुध निर्माणी आहे. पहाऱ्याला शिकलेला, शिस्तीतला, ओळखपाळख झालेला माणूस लागतो अशी ठिकाणं या पट्ट्यात कमी नाहीत. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. नेरुळला गाडी बदलली की कोपरखैरणेचा माणूस करंजाच्या रस्त्याला लागतो.

मग दादा तिथं का नाही? कारण तो पेन्शनीवर आला त्याच वर्षी मावशीच्या यजमानांना, म्हणजे आबांना, पक्षाघाताचा झटका आला. चाळीस वर्षं पाठीवर पोती घेतलेला माणूस अंथरुणाला खिळला. दादानं अडीच वर्षं त्यांची उठबस केली. आबा गेल्यावर तो चौकशीला निघाला तेव्हा कळलं की सेवामुक्तीनंतर ठरावीक काळातच अर्ज करता येतो आणि वयाचीही मर्यादा असते. एक मर्यादा उलटून गेली होती, दुसरी उलटायला आली होती. ज्या कार्यालयात तो गेला होता तिथं त्याला आधी सांगितलं होतं की घाई नाही, जागा निघतच असतात. कागदावर कुणी काही दिलं नव्हतं. त्याला त्या वेळी कुणी नीट सांगितलं असतं, तर घरात माणसं होती. आम्ही आबांना सांभाळलं असतं.

आणि समजा तो वेळेत पोचला असता, तरी काय झालं असतं तेही सांगायला हवं. डीएससीत हवालदारालाही साधारण शिपाई म्हणूनच पुन्हा सुरुवात करावी लागते. बाहीवरच्या तीन फिती उतरतात. पहिल्या सेवेची पेन्शन चालू राहते आणि वर पगार मिळतो, ही जमेची बाजू खरी आणि मोठी आहे. पण दुसरी पेन्शन हवी असेल तर डीएससीतली पंधरा वर्षं नव्यानं भरावी लागतात. जुनी वर्षं त्यात धरायची तर पहिल्या पेन्शनीवर पाणी सोडावं लागतं. त्रेचाळिसाव्या वर्षी आत गेलेल्या माणसानं पंधरा वर्षं कुठून आणायची? काही महिने कमी पडले म्हणून दुसरी पेन्शन नाकारली गेलेले जवान सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढले आहेत, तिथून वरच्या न्यायालयांत गेले आहेत. पहारा करून थकलेल्या माणसाला त्या महिन्यांसाठी वकील लावावा लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिवाय डीएससीचं काम पहाऱ्याचं. दादाच्या हाताला इंजिन येतं. महापे-रबाळेच्या एमआयडीसीत फिरलात तर असे हात ठिकठिकाणी भेटतात. सिग्नलमध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन दलात, वीस वर्षं काढलेला माणूस सीसीटीव्हीच्या वायरी ओढतो, बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या इंजिनिअर दलातला पूल बांधणारा लिफ्टची देखभाल करतो, नर्सिंग असिस्टंट खासगी दवाखान्यात ड्रेसिंग करतो. सैन्याचं प्रशिक्षण म्हणजे काही महिन्यांची शाळा नसते. हातातून हजार बिघाड गेले की मगच आवाज ऐकून दोष सांगता येतो. दरवर्षी साठ हजारांच्या आसपास माणसं आपल्या सैन्यातून निवृत्त होतात, बहुतेक पस्तिशी-चाळिशीत. एवढा शिकलेला हात आपण दरवर्षी घरी पाठवतो आणि त्याच कामासाठी नवा पोरगा पहिल्यापासून शिकवतो.

एक जागा अशी आहे जिथं परतणं सैन्याला अगदी साधं वाटतं: अधिकाऱ्यांची. निवृत्त अधिकाऱ्यांना, ब्रिगेडियरपर्यंतच्या, काही वर्षांची पुनर्नियुक्ती मिळते. ते कचेऱ्यांत, स्टाफवर, आपल्या अनुभवाच्या कामावर परत येतात. त्यात चुकीचं काही नाही. करोनाच्या लाटेत, मे २०२१ मध्ये, २०१७ ते २०२१ या काळात सेवा सोडलेल्या ४०० सैनिकी डॉक्टरांना अकरा महिन्यांसाठी परत घ्यायचा आदेश निघाला होता. संकट आलं आणि सरकारनं ठरवलं तर परतीची वाट दिवसांत तयार होते. मग हीच वाट हवालदार मेकॅनिकसाठी, नाईक रेडिओ ऑपरेटरसाठी का नसावी? अधिकाऱ्याचा अनुभव मोलाचा असतो तसा जवानाचाही असतो. रणगाडा दोघांच्याही भरवशावर उभा असतो.

या मागणीवर पहिला आक्षेप वयाचा येतो, आणि तो हलका नाही. सैन्य तरुण हवं हे कारगिलच्या शिखरांवर रक्त सांडून आपण शिकलो. त्या युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं सैन्यातली सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी आणि नंतर त्या माणसांना निमलष्करी दलांत सामावून घ्यावं असं सुचवलं होतं. आपल्याकडं पूर्वी कलर सर्व्हिस, म्हणजे जवानाची प्रत्यक्ष गणवेशातली सेवा, सात वर्षांची होती, १९६५ नंतर दहाची, १९७६ मध्ये पंधराची आणि पुढे सतराची झाली. थोडक्यात, सेवा किती असावी हा आकडा गरजेप्रमाणे बदलत आला आहे. पण समितीच्या शिफारशीचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. तरुण माणूस लवकर सोडायचा असेल तर त्याला पुढं नेणारी जागा आधी तयार हवी, असं ती सांगत होती. पहिला अर्धा उचलायचा आणि दुसरा टाकून द्यायचा, असं करून चालणार नाही.

आणि परतणाऱ्या सगळ्यांना कोणी पंधरा हजार फुटांवर संगीन घेऊन चढायला सांगत नाही. वर्कशॉप, भांडार, प्रशिक्षण केंद्र, संदेशवहनाचं ठाणं, लष्करी रुग्णालय, तळाचा पहारा या कामांना पंचविशीतल्या फुप्फुसांपेक्षा चाळिशीतली नजर उपयोगी पडते. तिथं जुना माणूस आला तर एक तरुण जवान पुढच्या फळीसाठी मोकळा होतो. म्हणजे परतीच्या वाटेमुळे सैन्याची पुढची फळी अधिकच तरुण राहील.

दुसरा आक्षेप मला दादाच्याच एका मित्रानं सांगितला, आणि तो सहसा लेखांत येत नाही. तो आज नोकरीत आहे, नाईक आहे, हवालदारकीची वाट बघतोय. तो म्हणाला, “बाहेरनं माजी हवालदार परत आला तर माझी जागा गेली की.” हे शंभर टक्के खरं आहे. बढती जागा मोकळी झाली तरच होते, आणि एकेका फितीसाठी माणसं सात-आठ वर्षं थांबलेली असतात. त्यांच्या पानावरचं उचलून परतणाऱ्याला वाढायचं हे मला मान्य नाही. यावर मार्ग निघू शकतो. परतणारा माणूस मंजूर जागांच्या बाहेर धरावा, तीन किंवा पाच वर्षांच्या बोलीवर घ्यावा, त्या काळात त्याला बढतीचा हक्क नसावा. त्या बदल्यात त्याच्या फिती त्याच्या बाहीवर राहाव्यात. जुन्यानं पुढं सरकण्याचा दावा सोडायचा आणि सैन्यानं त्याला खाली ढकलायचं नाही. मी हे दादाच्या मित्राला विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “हे चाललं मला.”

पैशाचा प्रश्नही टाळता येत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये होते, त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी पेन्शनीचे. सरकारला पेन्शनीची धास्ती वाटते ती या आकड्यामुळं. पण परतलेल्या माणसाची पेन्शन त्या काळापुरती थांबवली, त्याला हुद्द्याप्रमाणे पगार दिला आणि दुसऱ्यांदा बाहेर पडताना वाढलेली वर्षं धरून पेन्शन नव्यानं ठरवली, तर एकाच वेळी दोन्ही खर्च उभे राहत नाहीत. नवा माणूस शिकवायचा खर्च वाचतो तो वेगळाच. ज्याला आजच्यासारखं पेन्शन अधिक पगार हवं त्याच्यासाठी डीएससी राहूच दे. ज्याला जुनी वर्षं जोडून घ्यायची आहेत त्याच्यासाठी ही दुसरी निवड असावी. यात खर्च होणारच नाही असं मी म्हणत नाही, पण त्या खर्चाच्या बदल्यात काहीतरी हाती येतं.

या सगळ्या हिशेबात एक माणूस राहून जातो, तो माझ्याकडूनही राहिला असता. दादा परत जायचं बोलायचा तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात असायच्या. एकदा त्या हातातलं पीठ न झटकताच बाहेर आल्या. “चोवीस वर्षं पोरांच्या शाळा, सासूचं दुखणं, गावाकडचं घर, सगळं मी ओढलं. माझी बी सर्व्हिस झालीच की तेवढी. परत जायचं ठरवताना मला कोण इचारणार?” दादाकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं, आणि तेव्हापासून मी या प्रश्नाकडं वेगळं पाहतो. जवान परत जातो म्हणजे त्याचं घर परत जातं. म्हणून परतीची सेवा घरापासून जवळ असणं ही सवलत समजू नये, ती अट असावी. प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, ‘होम अँड हार्थ’ बटालियन असतात, त्यामागं स्थानिक माणूस स्थानिक भागात हेच तत्त्व आहे. मुंबई-ठाण्याच्या माणसाला कुलाबा, करंजा, कोलशेत, फार तर पुणे इथं काम देता येईल. आणि अर्जावर जोडीदाराचं म्हणणं लिहायला जागा असावी, तिथं खरोखर विचारलं जावं.

प्रादेशिक सेनेचं नाव निघालंच आहे तर तिच्याकडं जरा थांबून पाहायला हवं, कारण परतीचं सगळ्यात चांगलं उदाहरण तिथं आहे. १९४८ च्या कायद्यानं ती आली आणि १९४९ च्या ऑक्टोबरात तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजी, म्हणजे सी. राजगोपालाचारी, यांनी तिचं उद्घाटन केलं. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन आपल्या भागातल्या लोकांना माहीत आहेत. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी तणाव वाढला तेव्हा तिच्या ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन तैनात करायला केंद्र सरकारनं मंजुरी दिली. त्याच सेनेत पर्यावरणाच्या बटालियन आहेत, माजी सैनिकांच्या. पहिली १९८२ मध्ये गढवालमध्ये उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी बोडके केलेले मसुरीचे डोंगर तिनं पुन्हा हिरवे केले. मराठवाड्यातही महार रेजिमेंटची अशी बटालियन झाडं लावते. निवृत्त जवान परत आला, गणवेशात आला, आपल्या माहितीच्या मातीत आला आणि देशाच्या कामी आला. हे जमतं, चार दशकं जमत आलं आहे. मग येऊरच्या जंगलासाठी, ठाणे खाडीच्या कांदळवनासाठी असं काही का उभं राहू नये? मला हे स्वप्नरंजन वाटत नाही. खाडीवर भराव टाकणाऱ्या डंपरसमोर उभं राहायला शिस्त आणि गणवेश दोन्ही लागतात.

अमेरिकेत सेवा सोडताना जवानाला ‘डीडी २१४’ नावाचा कागद मिळतो. त्यावर पुनर्भरतीचा एक संकेतांक असतो. एक असेल तर पुन्हा येता येतं, तीन असेल तर काही अडचण आहे पण सूट मागता येते, चार असेल तर दार बंद. त्यांच्या सैन्याचं सगळं आपण घ्यावं असं नाही. त्यांची युद्धं वेगळी, माणसं मिळवायची अडचण वेगळी. पण त्या एका रकान्याचा मला हेवा वाटतो. माणूस बाहेर पडतो त्याच दिवशी त्याला कळतं की आपल्यामागं दार उघडं आहे की बंद. दादाच्या डिस्चार्ज बुकात चारित्र्याची नोंद आहे, कोर्सेस आहेत, ‘शेप वन’ची, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीची, मेडिकल आहे. परत येता येईल का, किती वर्षांत, कुठल्या कामावर, हे त्यात नाही. ते लिहिलं असतं तर आबांच्या उशाशी बसून त्यानं तारीख मोजली असती.

आता हे सगळं तातडीचं झालं आहे ते अग्निवीरांमुळं. जून २०२२ मध्ये चार वर्षांसाठी जवान भरती करणारी अग्निपथ योजना आली, त्यातल्या जवानांना अग्निवीर म्हणतात; पहिल्या वर्षी ४६ हजार जागा जाहीर झाल्या. चार वर्षांची सेवा, शेवटी एकरकमी मिळणारा सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी, आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम सेवा. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. २०२६ च्या अखेरीपासून पहिल्या तुकड्यांची चार वर्षं पुरी होत जातात. साताऱ्याच्या पाटणकडं आमच्या गावातून पहिल्याच खेपेला गेलेल्यांत दादाचा पुतण्या आहे. जबलपूरला सिग्नलचं शिकला, पुढं दोन वर्षं उत्तरेकडं काढली.

निमलष्करी दलांत आणि इतर ठिकाणी अग्निवीरांसाठी राखीव जागा आहेत, ते चांगलंच आहे. पण तेविसाव्या वर्षी घरी आलेला प्रशिक्षित सिग्नलर दोन वर्षांनी म्हणाला की मला परत सैन्यातच यायचं आहे, तर त्याला काय सांगायचं? पंचवीस टक्क्यांची निवड एका ठरावीक वेळी होते. त्या वर्षी पाय मुरगळला असेल, आई आजारी असेल, शेजारचा त्याच्यापेक्षा दोन गुणांनी पुढं गेला असेल. सैन्याच्या लेखी तो काही निकामी झालेला नसतो. उलट सेवामुक्त अग्निवीर ही पुढच्या पंचवीस वर्षांतली देशाची सगळ्यात मोठी राखीव ताकद ठरू शकते, जर त्यांची नावं एका यादीवर राहिली, वर्षातून पंधरा दिवस त्यांना बोलावून उजळणी करून घेतली आणि पाच वर्षांपर्यंत रिकाम्या जागांवर त्यांना आधी विचारलं तर. त्यांनी दिलेली चार वर्षं त्यांच्या खात्यावर जमा राहिली पाहिजेत. परत आल्यावर ती पुन्हा शून्यापासून मोजायला लावणं मला अन्याय वाटतो.

गेल्या सुट्टीत तो पोरगा कोपरखैरणेत आला होता. रात्री दादाच्या पाळीला सोबत म्हणून गेटवर जाऊन बसला. मी चहा घेऊन गेलो तेव्हा दोघं वहीवर वाकले होते. दादा त्याला रकाने कसे आखायचे ते दाखवत नव्हता, ते त्याला येतच होतं. पोरगा विचारत होता, “काका, तुम्हाला इथं आवडतं का?” दादा म्हणाला, “उभं कुठंबी राहता येतंय रं. पण तिथं मी कशासाठी उभा हाय ते म्हायती असायचं.” मग त्यानं पुतण्याला सांगितलं की प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र, प्रत्येक मेडिकल जपून ठेव, आणि सुटायच्या आधी जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचार की परत यायचं झालं तर नियम काय. उत्तर आलं तर ते लॅमिनेट करून घे.

पोरानं ते पत्र लिहिलं आहे. दादाच्या सांगण्यावरून मीच त्याचा मसुदा तपासला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. त्याचं उत्तर देता येईल असा नियम पहिली तुकडी घरी यायच्या आत निघायला हवा.